घड्याळवाल्याचं भिंग

हृदय कमजोर झालंय, मीठ बंद, असं डॉक्टरांनी घड्याळवाल्याला बजावलं आणि त्याच्या बायकोने घरातलं सगळं मीठ त्याच दिवशी शेजारणीला देऊन टाकलं. जेवण अगदीच अळणी लागू नये म्हणून सूपमध्ये ती तयार पावडरीची एक पुडी तेवढी सोडायची. तो वाटी चाटूनपुसून संपवायचा.

तरी पाय सुजतच गेले, धाप वाढत गेली. "पोटात मीठ जातंय कुठून तरी," डॉक्टर म्हणाले. घरी येताच ती कडाडली, "दुकानात बसून चोरून काय हादडता हो? जिवाला घोर लावलाय नुसता!"

"शपथ गं. तुझ्या हातचं सोडून काही खात नाही मी."

तिला ते पटलं नाही. शेवटचे आठ दिवस तर ती त्याच्याशी धड बोललीही नाही.

तो गेल्यानंतर महिन्याभराने दुकानातून त्याचं भिंग घरी आलं. एकटीपुरतं सूप करताना तिने ते त्याच्यासारखंच डोळ्याला लावून पाहिलं. हातातल्या पुडीच्या मागची मुंगीएवढी अक्षरं एकदम मोठी झाली. घटकांच्या यादीत पहिलंच नाव होतं, मीठ.



तो खरोखरच तिच्या हातचं सोडून काही खात नव्हता.