आडवा नारळ

"आजवर पाणी कुठं हाय ते सांगत आलोय," गुंडू पाणाड्या म्हणाला. "न्हाय कुठं, असं इचारणारं पयलं गिऱ्हाईक तुमीच, साहेब."

धैर्यशीलला हसू आलं नाही. लिलावाच्या आदल्या दिवशी कनिष्ठ अभियंत्याला हसायची मुभा नसते. शहराच्या मालकीच्या त्या जागेचे दोन भाग पाडायचे होते. ओला भाग पाणथळ म्हणून पाखरांना राखायचा, कोरड्याचे प्लॉट पाडून विकायचे. मधली रेघ आज संध्याकाळपर्यंत हवी होती. मशीनवाले दोनदा येऊन 'सीमा निश्चित होत नाही' एवढंच सांगून गेले, तेव्हा वरच्या साहेबांनी फर्मावलं, "मग पाणाड्या आणा. कायतरी आणा."

म्हणून गारगोटीहून गुंडू आला होता. पायात स्पोर्ट शूज, पिशवीत नारळ. नारळ तळहातावर आडवा ठेवून चालायचं. खाली पाणी असलं की तो उभा राहतो. जिथं आडवा पडेल तिथं ऑफिसच्या शिपायानं, आकारामनं, फक्कीची पांढरी रेघ मारायची. काम सोपं होतं.

पाणकणसांपाशी नारळ उभा राहिला. गुंडू चालू लागला. चिखल संपला, गवत लागलं, गवत संपून भेगाळलेली माती लागली. नारळ उभाच. वर्गात इन्स्पेक्टर आल्यासारखा.

"ह्यो बाद दिसतोय," म्हणत गुंडूनं पिशवीत हात घातला. आतले सगळे नारळ आधीच उभे होते.

मागं पाण्यात बेडकं ओरडत होती. गुंडू पुढं सरकेल तसा तो आवाजही जमिनीखालून त्याच्याबरोबर सरकत होता.

"साहेब, ऐकू येतंय न्हवं?"

"नाही," धैर्यशील म्हणाला.

डांबरी रस्ता आला. पलीकडं मागल्या खेपेला विकलेल्या प्लॉटांची कॉलनी होती, आणि तिच्यातलं पहिलंच, पिस्ता रंगाचं घर धैर्यशीलचं. वास्तुशांत होऊन महिनाही झाला नव्हता. आत बायको होती, अवंतिका, आणि पाळण्यात बाळ. गुंडूच्या हातावरचा नारळ उभ्या उभ्या घराकडं झुकला. ओळखीचं कुणीतरी दिसल्यावर झुकावं तसा.

"पलीकडं जाऊ?"

"नको."

"मग ह्यो काय आडवा पडत न्हाय बघा."

नारळाचं ऐकायचं तर विकायला एकही प्लॉट उरत नव्हता. आणि पिस्ता रंगाचं घर पाखरांच्या वाटणीला जात होतं.

धैर्यशील तरातरा मागं फिरला. नकाशाला रेघ जिथं हवी होती तिथं, गवताच्या कडेला येऊन त्यानं गुंडूच्या हातातला नारळ हिसकावला, जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी आडवा दाबला.

"हा बघा, पडला. आकाराम, मार फक्की."

"दाबून धरलाय की वो तुमी!" गुंडू म्हणाला.

"आडवा आहे का नाही?"

"तसा हाय आडवा," आकाराम म्हणाला. त्यालाही घरी जायचं होतं.

बेडकं एकदम गप्प झाली. नारळ हातांखाली वर येऊ बघत होता. फार जोरानं नाही; झोपलेल्या माणसाची छाती वर येते तेवढ्याच जोरानं, पुन्हा पुन्हा.

धैर्यशीलच्या खिशातला फोन वाजला. त्याचे हात अडकलेले, म्हणून गुंडूनंच तो काढून त्याच्या कानाला लावला.

"अहो," अवंतिका म्हणाली, "आपला उंबरा खाली गेला. चांगला पायरीएवढा. तुम्ही तिकडं काही करताय का?"

धैर्यशीलनं हात जरा सैल सोडले. नारळ उठला.

"हं, आला वर," अवंतिका म्हणाली.

आकाराम मूठभर फक्की घेऊन वाकलेला होता. "साहेब, मारू का? वारं सुटलंय, सगळी उडून चाललीया."

धैर्यशीलनं रस्त्यापलीकडं पाहिलं. खिडकीत दिवा लागला होता. त्यानं नारळ पुन्हा आडवा केला, पुन्हा थोडा सोडला, पुन्हा दाबला.

"अहो," फोनमधून आवाज आला, "जे काय करायचं ते एकदाच करा. बाळ दचकतंय."