फ्रिजवरचा चष्मा

"बच्ची को अभी फ़ीड कराती हैं?" डॉक्टर चंद्रप्रभांनी फाइलवरची नजर न उचलता विचारलं.

"नहीं, साढ़े चार की हो गई," देविका म्हणाली आणि मांडीवरच्या मुक्ताचा हात आपल्या चष्म्यापासून बाजूला केला. सकाळपासूनची ही चौथी वेळ.

"और नंबर? साल भर से यही है?"

देविकाने मागच्या वर्षीची चिठ्ठी पुढे केली. दोन्ही डोळ्यांना उणे सहा. यंदाही तेच. लेन्स ती वापरत नव्हती, डोळे कोरडे पडत नव्हते, दुसरं मूल इतक्यात नको होतं. सोमवारी याच क्लिनिकमध्ये कॉर्नियाची जाडी मोजली, तीही पुरेशी निघाली. लेझरने नंबर घालवायच्या वाटेतली एकेक अडचण दूर होत होती.

तिने पर्समधून कागद काढला. नर्सरीच्या सर्क्युलरच्या पाठीवर लिहिलेले अकरा प्रश्न.

"अरे, आप तो पूरा पर्चा बनाकर लाई हैं," डॉक्टर हसल्या. "पूछिए."

लेझर चालू असताना डोळा हलला तर? मशीन आपोआप थांबतं. नंबर परत आला तर? थोडा येऊ शकतो, क्वचित. दिव्यांभोवती वलयं दिसतात म्हणे? काही महिने, मग कमी होतात. अकरावा प्रश्न कागदावर नीट लिहिलेला होता, पण तोंडातून निघेना.

"और अगर... एकदम बिगड़ गया तो?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हज़ारों में किसी एक का बिगड़ता है. वह एक आप नहीं होंगी, यह मैं लिखकर नहीं दे सकती."

बाहेरच्या बाकावर तिचा नवरा धैर्यशील म्हणाला, "इतकी घाबरतेस तर राहू दे ना. चष्मा काय वाईट आहे?"

"चष्मा वाईट नाही हो. तो जागेवर नसतो, ते वाईट आहे."

धैर्यशील फौजेत होता. चष्मा जागेवर नव्हता त्या दिवशी तो युनिटमध्ये होता, पण ऐकलं सगळं होतं. देविका अंघोळ करून बाहेर आली तर कपाटावर चष्मा नाही आणि घरात मुक्ता नाही. तेलीबागेतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर. चष्म्याविना भिंती, दार, पडदे, सगळं नुसतं धुरकट. हाका मारत, भिंत चाचपत ती बाल्कनीपर्यंत गेली. मुक्ता स्टुलावर चढून कठड्याला टेकली होती. नाकावर आईचा चष्मा, वर आभाळात पतंग, आणि एकटीच हसत होती. देविकाच्या हाताला आधी तिचा फ्रॉक लागला, मग ती दिसली. त्या दिवशी मुक्ताने पहिल्यांदा आईचा मार खाल्ला.

तेव्हापासून अंघोळीला जाताना चष्मा फ्रिजवर. तरी पोरगी खुर्ची ओढून तो काढायचीच. आणि पुढच्या महिन्यात धैर्यशीलचं पोस्टिंग होतं, सीमेवर, कुटुंबाशिवाय. मग घरात त्या दोघीच. पोरीवर लक्ष ठेवायला देविकाचे दोन डोळे, आणि तेही पोरीच्याच हातात.

"देविका जी, एक आख़िरी बार पढ़ दीजिए," टेक्निशियनने तिघांना आत बोलावलं.

चाचणीचा चष्मा चढवून ती तक्ता वाचू लागली. सोमवारी मुक्ताला मांडीवर घेऊन प्रत्येक डोळ्याने तीन-तीनदा मोठ्याने वाचलेला तोच तक्ता. शेवटच्या ओळीवर ती अडखळली, तर मागून बाबांच्या मांडीवरून मुक्ताने ती अख्खी ओळ धडाधड म्हणून टाकली.

टेक्निशियन हसून म्हणाला, "भई, बिटिया की नज़र तो बाज़ जैसी है."

"बापावर गेलीय," धैर्यशीलने मिशीला हात लावला. देविकालाही बऱ्याच दिवसांनी हसू आलं. तेवढं एक बरं झालं होतं, पोरीने आईचे डोळे घेतले नव्हते.

संमतीपत्रावर तिने सही केली. गुरुवार ठरला.

क्लिनिकबाहेर निशातगंजच्या रस्त्यावर गर्दी होती. धैर्यशील पलीकडे जाऊन ऑटो ठरवू लागला आणि तिथूनच त्याने हात हलवला.

"मुक्ते, बाबा बघ. टाटा कर."

मुक्ताने केला नाही. भलतीकडेच तोंड करून उभी राहिली. हल्ली असंच. रोज संध्याकाळी गेटमधून तो बाल्कनीकडे बघून हात हलवायचा आणि ही ढिम्म. जिन्यात त्याचा आवाज आला की मग धावायची. बाबा लांब जाणार हे कळल्यापासून रुसलीय, देविकाला वाटायचं.

ती मुक्तासमोर उकिडवी बसली. मुक्ताने नेहमीसारखे दोन्ही हात आईच्या गालांवर ठेवून तिचा चेहरा नाकाला नाक लागेल इतका जवळ ओढला.

"ऐक, बेटा. गुरुवारी डॉक्टर आंटी आईचे डोळे बरे करणार. मग आईला चष्माच नको. लपवायला नको, शोधायला नको, फटके नकोत. तो चष्मा आपण गोमती नदीत टाकून देऊ. चालेल?"

मुक्ताने आईच्या चष्म्याची काडी धरली.

"हाँ. पण आई," ती हळूच म्हणाली, "मग मी कशानं बघू?"