अक्काच्या हातचं जेवण

हैदराबादच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर वाटा खुल्या झाल्या, तेव्हा सोलापूरहून गाणगापूरला, यात्रेकरूंना घरी उतरवून घेणाऱ्या नरहररावांच्या नावे एक कार्ड आलं होतं. त्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. कार्डावर लिहिलं होतं, 'बाधा उतरेपर्यंत अक्काला तिथून हलवायचं नाही, असं आपण सांगितलंत. ती बरी झाली की कळवा, लगेच न्यायला येतो. प्राणेश.'

नलिनीअक्का तेव्हा चांगली बरी होऊन नरहररावांच्याच चुलीपुढे भाकरी थापत होती. त्यांनी उत्तर उद्यावर ढकललं आणि ढकलतच राहिले. मोटारीतून उतरणाऱ्या यात्रेकरूंना ते हात जोडून सांगत, "देऊळ हाकेच्या अंतरावर आहे, संगमाची वाट पायी जायला सोपी आहे, आणि जेवण आमच्या अक्काच्या हातचं." त्या जेवणासाठी माणसं पुढच्या खेपेलाही त्यांच्याकडेच उतरत.

"अण्णा, माझ्या भावाचं पत्र आलं व्हय?" ती विचारायची.

"न्हाई की. विसरला असंल. तू कामून जीव जाळायलीस?"

हळूहळू तिनं विचारणं सोडलं.

यंदा दत्तजयंतीच्या गर्दीत उकळत्या डाळीचं पातेलं कलंडलं आणि अक्काचा उजवा हात कायमचा आखडला. आता तिलाच कुणीतरी भरवावं लागे. नरहररावांनी नवं कार्ड आणलं, चष्मा पुसून घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'चि. प्राणेश यास आशीर्वाद. महाराजांच्या कृपेने अक्का आता पूर्ण बरी झाली आहे. लगेच न्यायला यावे.'

मग ते स्वतः चालत जाऊन कार्ड पेटीत टाकून आले.