दंडावर उतरलेली शिवण

"दीडशे वर्षांपूर्वीचं हे फ्रेंच छापचित्र. श्रीमंत घरची बाई दुपारची निवांत बसली आहे," मी म्हणाले. संग्रहालयात मार्गदर्शक म्हणून माझी ही पहिलीच फेरी होती आणि नोकरी पक्की करणारे साहेब समोर उभे होते. पाहुण्यांच्या मागे आई होती. ती इस्त्रीचं काम करते, हे मी इथे कुणाला सांगितलं नव्हतं.

"झगा तिचा नाही गं," आई मध्येच बोलली. "खांद्याची शिवण दंडावर उतरलीय बघ. बाहीसुद्धा दुमडून घेतलीय. बोटं तर राबणाऱ्या बाईची." मग ती जराशी लाजली. "गिऱ्हाइकाचा शालू अंगावर घेऊन मीही एकदा अश्शीच मान ताठ करून ऐटीत बसले होते. घटकाभरच हं."

साहेब चित्रापाशी वाकले आणि बराच वेळ ती शिवण पाहत राहिले.

"इतकी वर्षं आमच्या कुणाच्या हे लक्षात आलं नाही. या कोण?"

माझी मान ताठ झाली, चित्रातल्या बाईसारखी.

"माझी आई. तीस वर्षं लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते."