सर्वात जवळची व्यक्ती

"चुकलं, काका," सना म्हणाली. "आता दोनच वेळा राहिल्या. तेवढ्यात जमलं नाही तर खातं कायमचं बंद होतंय की."

विजापूर वेशीतल्या सनाच्या सेवा केंद्रात शिवानंदराव खुर्चीच्या टोकावर बसले होते. संगणकाच्या पडद्यावर इंटरनेट कंपनीचा प्रश्न तसाच उभा होता: तुमच्या सर्वात जवळच्या व्यक्तीचं नाव काय? उत्तर त्यांच्या बायकोने, दाक्षायणीने, खातं उघडताना भरलेलं होतं. तिला जाऊन येत्या सोमवारी वर्ष होणार होतं. शिवानंदरावांनी मोठ्या खात्रीने स्वतःचंच नाव सांगितलं होतं. दुसरं कुणाचं असणार?

त्यांना तिचा फोटो हवा होता. एकच, भिंतीवर लावून हार घालण्यापुरता. लग्नाच्या अल्बममध्ये होती ती एकवीस वर्षांची पोरगी होती, आणि आधार कार्डावर तर कुणीच स्वतःसारखं दिसत नाही. तिने स्वतः काही काढले असतील तर ते मोबाईलमध्ये, आणि तो आजारपणात पडून फुटला. सिमकार्ड त्यांनी स्वतःच बंद केलं, कुणी गैरवापर करू नये म्हणून. मग औषधाच्या एका चिठ्ठीमागे या खात्याचं नाव सापडलं. पासवर्ड नव्हता. फोन गेला तरी फोटो खात्यात राहतात, हे त्यांना सनाकडूनच कळलं.

घरात फोटो नव्हते, कारण शिवानंदरावांनी काढू दिले नव्हते. भूमी अभिलेख कार्यालयात बत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. कागद चुकीच्या हातात गेला की काय होतं, ते त्यांनी पाहिलं होतं. कंपन्या फुकट काही देत नाहीत, त्या माणसाची माहिती विकून खातात, असं ते ज्याला त्याला सांगत, आणि ते काही खोटं नव्हतं. पण शहाणपणाने कुठं थांबायचं, हे त्यांना कधी कळलं नाही. आधी त्यांनी तिला फोटो टाकायचे बंद करायला लावले. मग गल्लीतल्या बायकांचा ग्रुप सोडायला लावला, घरातलं चव्हाट्यावर येतं म्हणून. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाणंही थांबलं, कारण तिथं प्रत्येकीच्या हातात मोबाईल. दाक्षायणी भांडली नाही. शिवानंदराव याला समजूतदारपणा म्हणायचे.

"ती माझं नाव कधी घ्यायचीच नाही," ते आता जरा सावरून म्हणाले. "पद्धतच नव्हती आमच्यात. तू 'अहो' टाकून बघ."

सनाने हसू दाबलं आणि तसं टाकलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. तिचं हसू मावळलं.

"एकच राहिलं, काका. नीट आठवा. बहीण, मैत्रीण, कुणीतरी असंल की."

बहीण नव्हती. मूलबाळ नव्हतं. मंद्रूपची बसम्मा तेवढी होती, दाक्षायणीची लहानपणची मैत्रीण. त्यांनी तिला फोन लावला, सगळं सांगितलं आणि विचारलं, "मग तुझं नाव टाकू?"

"नगा टाकू, दाजी," बसम्मा म्हणाली. "धा वर्सं झाली, ती धड बोलली न्हाय माज्यासंगं. मी फोन केला की म्हनायची, हे घरात हायत, मागनं बोलू. ते मागनं काय आलंच न्हाय."

"मग कुणाचं लिहिलं असेल तिनं?"

"मला काय इचारता? तिच्याजवळ तुमी कुनाला ऱ्हाऊ दिलं हुतं?"

फोन कधी बंद झाला, ते शिवानंदरावांना कळलं नाही. त्यांना एकाएकी फार एकटं वाटलं. वर्षभर वाटत होतं, पण ते बायको गेलेल्या माणसाचं एकटेपण होतं, चारचौघांना सांगता येण्यासारखं. हे कुणाला सांगता येणार नव्हतं.

पंखा गरगरत होता. मागे दोघीजणी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ताटकळत उभ्या होत्या. शिवानंदराव पडद्याकडे वळले.

"सना, खातं काढताना हा रकाना रिकामा सोडला तर चालतं का गं?"

"नाही, काका. रिकामा सोडला तर पुढं जाऊच देत नाही. काहीतरी लिहावंच लागतंय."

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत ते कचेरीतले तक्ते घरी आणायचे. अक्षर चांगलं म्हणून दाक्षायणीकडून भरून घ्यायचे. रकाना कधीच कोरा ठेवायचा नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. सांगण्यासारखं काही नसलं, तर तिथं काय लिहायचं तेही शिकवलं होतं. ती एकदाही चुकली नव्हती.

"लिही," ते म्हणाले. सना बोटं कीबोर्डवर ठेवून थांबली. "निरंक," ते म्हणाले. "निरंक लिही."

सनाने वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग ती तीन अक्षरं टाकली.

पडद्यावरचं चक्र एकदाच फिरलं, आणि दाक्षायणीचे सगळे फोटो उघडले.