हातोहात

नातीच्या कॉम्प्युटरवर किल्ल्याची भिंत फुटली होती. आपापल्या घरी बसून खेळणारे चाळीस खेळाडू, आणि नात त्यांची सरदार. जो तो खाणीतून दगड उचलून वर पळायचा आणि अरुंद पायऱ्यांवर खाली येणाऱ्याशी धडकायचा.

"भिंत पडली की माझी सरदारकी गेली, आजी!"

"अगं, पळताय कशाला सगळे? एकेका पायरीवर एकेकाला उभं कर. दगड चालू देत, माणसं नकोत. पाचव्या मजल्यावर माल असाच चढतो."

तिने माइकवर तसंच सांगितलं. दोघं-तिघं हसले, पण उभे राहिले. दगड हातोहात वर गेले आणि शत्रू पोचायच्या आत भिंत उभी राहिली.

पडद्यावर भराभर ओळी उमटू लागल्या. नात वाचून दाखवत होती. "आजी, सगळे विचारतायत, ही युक्ती कुठल्या इंजिनिअरची?"

उत्तर लिहायला गेलेली तिची बोटं थांबली. तिने मागे उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं. माझा मुलगा आजवर साऱ्यांना सांगत आलाय, आई बांधकाम खात्यात होती म्हणून.

मीच म्हटलं, "लिही बाई, खात्यातली आहे."

मुलगा पुढे झाला. त्याने लेकीच्या खुर्चीवर हात ठेवला.

"नको. लिही, स्लॅबच्या कामावर घमेली वाहायची. आणि माझी आई आहे, हे आधी लिही."