सुटलेल्या दोन जागा
बावीस वर्षं चिखलदऱ्याच्या घाटात एसटी चालवणाऱ्या देवानंद तायडेला आज अमरावतीच्या डॉक्टरांकडून एकच वाक्य लिहून हवं होतं. स्टेअरिंगवर असताना डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून तीन महिन्यांपूर्वी हृदयात नळी घालून ठोके बिघडवणाऱ्या जागेभोवती जाळून व्रणाचं कडं केलं होतं. ते कडं सलग बसलं का, हे पाहायला काल एमआरआय झाला. डॉक्टरांनी पडदा त्याच्याकडे वळवला. "हे पांढरं कडं दोन ठिकाणी सुटलंय, तायडे. पुन्हा जाळावं लागेल." "साहेब, मले आता काईच होत नाई. गाडी चालवू शकतो, एवढंच लिहा. पाया पडतो." तो खरंच वाकला. डॉक्टर पेन हातात धरून थांबले. शेजारी बसलेली बायको रत्नमाला पुढे झाली. "लिहू नका, साहेब," ती म्हणाली. "यायची छाती अजून धडधडते. परवा न्हानीत पडले. मले म्हनतात, कोनाले सांगू नको." देवानंद तिच्याकडे वळला. "तूच मारलं मले," तो म्हणाला. परतवाड्याच्या एसटीत दोघं दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसले. वलगावपर्यंत त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. पुढे रस्त्यात अचानक बैलगाडी आडवी आली आणि त्याचा उजवा पाय ब्रेक शोधत एसटीच्या पायाखालच्या पत्र्यावर जोरात दाबला गेला. रत्नमालाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. बैलगाडी बाजूला झाली, एसटी पुढे निघाली, तरी तो पाय त्याला उचलवेना.